माया ठेवून

जीप जन्माला आली तेव्हा तिला दारं नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, 1941 ते 1945 या काळात, अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. सैनिकाला चटकन उडी मारून उतरता यावं म्हणून बाजू उघड्या. दाराच्या जागी एक पट्टा अडकवलेला, एवढाच काय तो आडोसा. थंडी-पावसासाठी कॅनव्हासच्या बाजू वेगळ्या असत. लागल्या तर लावा, नाही तर काढून ठेवा. युद्ध संपलं, जीप शेतावर आणि गावरस्त्यावर आली, तरी तिची ही रीत सुटली नाही. आमच्या घरी आली तीही कॅनव्हासची दारं घेऊनच.

या गाडीच्या आपल्या देशातल्या कहाणीत एक धागा असा आहे, की तो इथल्या वाचकांना सांगावासा वाटतो. 1945 साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी मिळून पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी काढली. तिचं नाव होतं ‘महिंद्रा अँड मुहम्मद’. मग फाळणी झाली. गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे 1951 ते 1955 या काळात गव्हर्नर जनरलही होते. इकडे 1948 मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. ‘एम अँड एम’ ही अक्षरं तेवढी जशीच्या तशी राहिली. त्याच सुमारास या कंपनीने विलिसचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. आमच्या अब्बांनी आयुष्यभर जीप चालवली, पण ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. आम्ही सांगितली तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “जानेवाले गये. गाडी तो यहीं बनी ना?”

आता ‘आम्ही’बद्दल दोन शब्द. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो. घरात दखनी, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी, असा आमचा दिवस जातो. उर्दूतलं ‘हम’ जिभेवर बसलेलं असल्यामुळे मराठीत लिहायला बसलं की ‘मी’ लवकर हाताशी येत नाही. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये.

तर आमची जीप. मॉडेल सीजे-3बी. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप, साध्या माणसाची जीप. विलिसने हे मॉडेल 1953 मध्ये काढलं. आतलं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. जाणकार माणूस ही गाडी त्या उंच कपाळावरूनच ओळखतो. अमेरिकेत ती 1968 पर्यंत बनली, आपल्याकडे त्यानंतरही पुष्कळ वर्षं बनत राहिली. आमची 1978 सालची. एका सरकारी खात्याच्या लिलावात अब्बांनी घेतली. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून तिला डिझेल इंजिन बसवलं. कोल्हापूरच्या पश्चिमेला, गगनबावड्याच्या वाटेवरच्या वाड्यावस्त्यांतून या गाडीने दुधाच्या किटल्या वाहिल्या. रात्री-अपरात्री अडलेल्या बाया दवाखान्यात पोचवल्या. लग्नसराईत नवरीही नेली. त्या भागात पाऊस असा पडतो की चार महिने छत्रीला वाळायला सवड मिळत नाही. अशा पावसात कॅनव्हासची दारं टिकतात किती, आणि ती टिकावीत म्हणून करायचं काय, हे आम्हांला लहानपणापासून कानावर होतं. ओलं दार घडी घालायचं नाही. प्लॅस्टिकची खिडकी फडक्याने कोरडी घासायची नाही. रॉकेलचं बोट तर तिला लावायचंच नाही.

तीन वर्षांपूर्वी अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू अधू झाली. जीप दारात उभी राहिली. तिच्या दारांकडे कुणी पाहिलं नाही. कॅनव्हासला बुरशीचे काळे ठिपके आले, शिवणी उसवल्या, खिडकीचं प्लॅस्टिक पिवळं पडून कडक झालं आणि एके ठिकाणी पापडासारखं फुटलं. पुण्याहून भाईजानचा फोन यायचा, “जुन्या जीपांना आता चांगली किंमत येते. देऊन टाका. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची दर पाच वर्षांनी नोंदणी करत बसायची, ते कशासाठी?” भाईजानचं चूक नव्हतं. अब्बांच्या औषधाचा खर्चही तेच पाठवतात. पण अब्बांना एकदा पावसात गगनबावड्याला जायचं होतं. करूळ घाटाच्या तोंडाशी, जिथून खाली कोकण दिसतं, तिथे थोडा वेळ गाडी उभी करायची, एवढीच त्यांची इच्छा. ती त्यांनी एकदाच बोलून दाखवली. दुसऱ्यांदा बोलले असते तर आम्ही कदाचित टाळलंही असतं. एकदाच म्हणाले म्हणून टाळता आलं नाही.

गाडी चालणार आम्ही, अब्बा बसणार डावीकडे. म्हणजे फाटक्या दारातून येणारा पाऊस नेमका अधू खांद्यावर. दारं बदलल्याशिवाय जाणं शक्य नव्हतं.

लोकांनी सल्ले दिले. कुणी म्हणालं, पत्र्याची दारं बसवा. कुणी म्हणालं, फायबरची मिळतात. रेक्झिनची तयार दारं तर सगळ्यांत स्वस्त. पत्र्याचं दार वजनदार, रोज काढायचं-घालायचं म्हटलं तर दोन माणसं लागतात. कॅनव्हासच्या दाराची गंमत अशी की त्याच्या पुढच्या कडेला दोन खुंट्या असतात. बॉडीवरच्या दोन बिजागऱ्यांत त्या वरून सोडायच्या. वर उचललं की अख्खं दार हातात येतं. अब्बांना चाकाच्या खुर्चीतून उचलून सीटवर ठेवायचं तर बाजू पूर्ण मोकळी हवी. सैनिकाला उडी मारता यावी म्हणून ठेवलेली सोय आमच्या अब्बांच्या कामी आली. कॅनव्हासच हवं, हे ठरलं.

जीपचे हूड आणि दारं शिवणारी माणसं आता थोडी राहिली आहेत. आमच्या तालुक्याच्या गावी एक चाचा आहेत, त्यांना सगळे ‘हूडवाले चाचा’ म्हणतात. पत्र्याच्या शेडमध्ये एक जाड कामाची पायमशीन, भिंतीला टांगलेले पट्टे आणि बकला, डब्यांत आयलेट आणि टिच बटणं. आम्ही दारं घेऊन गेलो. चाचांनी कापडाकडे बघितलंसुद्धा नाही. दार उलटं धरून आतली सळई बघितली.

“सर, पहले फ्रेम. कपडा बाद में.”

जुनं कापड त्यांनी फाडलं नाही. ब्लेडने शिवण एकेक टाका करून उसवली आणि तुकडे खाकी कागदावर पसरून आखून घेतले. पण मापं त्या कागदावरून घेतली नाहीत. ओढून ओढून सैल झालेलं कापड खोटं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. कागदावरून फक्त तुकडे किती, खिडकी कुठे आणि पट्टा कुठे एवढं समजतं. माप फ्रेमवरून घ्यायचं, आणि फ्रेमसुद्धा गाडीवर लावून बघितल्याशिवाय खरी मानायची नाही. आमची डाव्या दाराची फ्रेम वरच्या कोपऱ्यात दोन सूत आत दबली होती. वेल्डरकडे गरम करून ती सरळ करून आणली. गंज पॉलिशपेपरने घासला, रेड ऑक्साईड मारलं, वर काळा रंग दिला.

कापडासाठी त्यांनी रेक्झिन का नको म्हटलं, तेही ऐकण्यासारखं होतं. रेक्झिनमधून पाणी आत येत नाही हे खरं, पण आतली वाफही बाहेर जात नाही. घाटात माणसांच्या श्वासाने आतून दव धरतं, ते फ्रेमवर उतरतं आणि सळई कापडाच्या आतल्या आत गंजते. सुती कॅनव्हास भिजलं की त्याचा धागा फुगतो आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात. म्हणून दोराही सुतीच हवा. नायलॉनचा दोरा तुटत नाही, पण फुगतही नाही. सुईने पाडलेलं भोक तसंच राहतं आणि पाणी नेमकं शिवणीतून ठिबकतं. चाचा सुती दोरा मेणाच्या गोळ्यावरून ओढून घेतात. दोन कडा एकमेकींत दुमडून वरून दोनदा शिवण मारतात. सळईच्या कोपऱ्यावर कापड घासतं तिथे आतून कातड्याचा तुकडा लावतात. तो आरीने आणि हाताने शिवायचा, मशीन तिथे पोचत नाही.

हे सगळं चालू असताना कोपऱ्यात एक पोरगा टेप घेऊन बसला होता. आम्हांला बघून तो उठला आणि सलाम करून खाली बघत राहिला. आमच्याच शाळेतला, आठवीचा. चाचांचा नातू. ईदची सुट्टी संपून शाळा भरली तरी तो आला नव्हता. वर्गात बोलायचा नाही. अपूर्णांकांच्या चाचणीत त्याने कोरा कागद दिला होता.

उर्दूत अपूर्णांकाला ‘कसर’ म्हणतात. वरच्या अंकाला ‘शुमार कुनिंदा’ आणि खालच्या अंकाला ‘नसब नुमा’. शब्द सुंदर आहेत, पण दखनी बोलणाऱ्या पोराला ते घरात कधी भेटत नाहीत. त्यात ‘कसर’ म्हणजे उणीव हा अर्थ मात्र त्याला पक्का ठाऊक असतो. धड्याचं नाव वाचूनच काही पोरं मान खाली घालतात.

नवं कापड आणलं तेव्हा चाचांनी त्यातून एक पट्टी कापायला सांगितली, ताण्याच्या दिशेने बरोबर 24 इंच. रात्रभर पाण्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी सावलीत वाळवून पोराने मोजली. म्हणाला, “छे सूत आटा.”

इंचाचे आठ भाग केले की त्यातल्या एकाला कारागीर सूत म्हणतात. म्हणजे 24 इंचांचे सव्वातेवीस झाले होते. चाचांनी विचारलं, “दरवाजा छत्तीस का. कितना आटेगा?”

“नौ सूत.” पोराने वर बघितलंही नाही. “एक इंच, उपर एक सूत.”

आम्ही मनातल्या मनात त्रैराशिक मांडून तिथे पोचेपर्यंत तो पुढच्या कामाला लागला होता. मग त्याने न विचारता आडव्या दिशेची पट्टीही मोजून दाखवली. तिकडे दोनच सूत आटलं होतं. का, असं आम्ही विचारलं. तो म्हणाला, “मागावर ताणा ओढून बांधलेला असतो सर. सुटला की जास्त जवळ येतो.” हे त्याने मराठीत सांगितलं. वर्गात त्याचं इतकं लांब वाक्य आम्ही कोणत्याच भाषेत ऐकलं नव्हतं.

सगळं कापड एकदा भिजवून, वाळवून मग कापायला घेतलं. तरीही चाचा चारी बाजूंनी जादा कापड सोडून खडूची रेघ मारत होते. आम्ही म्हटलं, “आता तर आटून झालं, मग हे कशाला?”

“पहले पानी में सब नै आटता सर. और कल को किसी को खोलना पडा तो? माया छोडनाच पडती.”

शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात त्याला मराठीत माया म्हणतात. आमच्या अम्मी ईदचे कपडे शिवायला टाकताना शिंप्याला हमखास सांगायच्या, माया ठेव, पोर वाढतंय. माप अचूक घ्यायचं, सूत-सूत मोजायचं, आणि मग त्या अचूक मापावर नेमकं कापायचं नाही. कापड अजून आटणार आहे, अंग अजून वाढणार आहे, हे धरून चालायचं. बी.एड.ला आम्हांला मूल्यमापनाचे प्रकार शिकवले गेले. साधनतंत्रं, पदनिश्चयन श्रेणी, निदानात्मक चाचणी, सगळं. ते सगळं माप घेण्याचं शास्त्र आहे आणि ते लागतंच. मापावर किती माया सोडायची, त्याचा धडा त्यात नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही चाचांशी पोराच्या शाळेचा विषय काढला. त्यांनी मशीन थांबवली नाही. म्हणाले, मुलगा गवंडीकामावर जातो, तो या धंद्यात आला नाही. हात आता कापतो. हा पोरगा शिकला तर धंदा राहील, नाही तर मशीन भंगारात जाईल. आणि शाळा शिकून तरी काय, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, तरी आम्हांला ऐकू आला.

या प्रश्नाला आकडे तोंडावर फेकून उत्तर देता येत नाही. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात लिहिलं आहे की 6 ते 14 वयाच्या मुस्लिम मुलांपैकी 25 टक्के मुलं एकतर कधी शाळेत गेलीच नव्हती किंवा मधेच गळली होती. त्याच अहवालात हेही आहे की आपल्या समाजात पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या हाताच्या धंद्यावर जगणारे जास्त. त्यानंतर शिक्षणहक्काचा कायदा आला, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. आमच्या गावातली बहुतेक पोरं आता पटावर आहेत. पण पटावर असणं आणि बाकावर असणं यांत अंतर राहतं, आणि ते अंतर अशाच शेडमध्ये बसलेलं सापडतं. तिथे त्याचे हात काम करतात, डोकं काम करतं, कुणी त्याला ‘कसर’ म्हणत नाही. तो शाळेत का येईल, याचं उत्तर शाळेने द्यायला हवं.

आम्ही चाचांना एवढंच म्हणालो, “हात का काम तुम्हारे पास है, वह हमारे पास नै. लेकिन कल को यह दुकान चलायेगा तो बिल, कर्ज के कागद, जीएसटी, सब पढना पडेगा. दसवी तक मेरे पास छोडो. शाम को तुम्हारा.” घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मुलाने मदत करायला कायद्याची हरकत नाही. 2016 च्या दुरुस्तीत ती मुभा आहे, शाळेच्या वेळात नाही, हेही सांगितलं. चाचा बराच वेळ दोरा मेणावरून ओढत राहिले. मग नातवाकडे बघून म्हणाले, “इसकू पूछो.”

पोराने विचारलं, “सर, शाळेत टेप आणला तर चालेल?”

दारं तयार व्हायला आठ दिवस लागले. दोन्ही दारांचे मिळून साडेसहा हजार झाले. खिडकीला नवं प्लॅस्टिक, वर गुंडाळायचा पडदा, खाली बॉडीला अडकवायला टिच बटणं. पहिल्यांदा गाडीवर लावली तेव्हा कापड किंचित सैल वाटलं. आम्ही बोटाने दाबून बघत होतो, तेवढ्यात पोराने दोन बादल्या पाणी आणून दारांवर ओतलं. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर ती डफासारखी ताणली गेली होती. मग चाचांनी वितळवलेल्या पॅराफिन मेणाचा पातळ हात फिरवला आणि सांगितलं, पहिल्या पावसानंतर शिवणी बघून घ्या, कुठे ठिबकलं तर तिथे पुन्हा मेण चोळा.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी आम्ही अब्बांना घेऊन गगनबावड्याला गेलो. डावं दार उचलून बाजूला ठेवलं, त्यांना सीटवर बसवलं, दार पुन्हा खुंट्यांवर सोडलं. साळवणच्या पुढे पावसाने धरलं. वायपर पुरे पडेना. दारावर पाण्याचा आवाज नव्या कापडाचा वेगळा येतो, जुन्याचा वेगळा. अब्बांनी उजव्या हाताने डाव्या खांद्यावरची शाल चाचपून बघितली. कोरडी होती. मग त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं, जिथे दुहेरी टाका होता तिथे थांबले आणि विचारलं, “किसने सिया?”

आम्ही चाचांचं नाव घेतलं. सोबत पोराचंही सांगितलं.

घाटाच्या तोंडाशी धुकं होतं. कोकण दिसलं नाही. अब्बांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी खिडकीचा पडदा वर गुंडाळायला लावला आणि तोंडावर येऊ दे तेवढं पाणी येऊ दिलं. भाईजानला आम्ही फोनवरून फोटो पाठवला. त्यांनी गाडीच्या किमतीचा विषय त्यानंतर काढलेला नाही, अजून तरी.

पोरगा शाळेत येतो. रोज नाही, पण आठवड्यातले पाच दिवस तरी येतो. अपूर्णांकाचा धडा आम्ही टेप घेऊन पुन्हा शिकवला. फळ्यावर ‘नसब नुमा’च्या जागी 8 लिहिलं की आता शेवटच्या बाकावरून आवाज येतो, “सूत!” बाकीची पोरं हसतात, पण उत्तर त्यालाच विचारतात. दहावीला अजून दोन वर्षं आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर चाचांच्या दुकानात गर्दी असते. शाळा उघडते तीही त्याच दिवसांत. तेव्हा हजेरीच्या पटाबरोबर त्या पत्र्याच्या शेडमध्येही आम्हांला डोकावून यावं लागेल.